खोली तीनचं वजन

१

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ठाणे, बाळकुम, एका टॉवरच्या सतराव्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट. खोली क्रमांक तीनला बाहेरून कुलूप होतं. आत माणूस नव्हतं. आतल्या वजनकाट्यावर नोंद झाली: एकशे एक किलो दोनशे ग्रॅम.

कांता तेव्हा स्वयंपाकघरात मुगाचं पाणी गाळत होती. तिला त्या नोंदीचा पत्ता नव्हता.

फ्लॅट हॉस्पिटलने भाड्याने घेतलेला होता. परदेशातून पोट लहान करून घ्यायला माणसं ठाण्यात येतात, आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलला ती खाट पुढच्या माणसासाठी हवी असते. मग पेशंटला इथे आणून ठेवायचं. जाहिरातीत त्याला 'रिकव्हरी स्टे' म्हणत आणि खाली लिहीत, 'घरगुती वातावरण'. घरगुती वातावरण म्हणजे कांता. सकाळी सात ते संध्याकाळी सात. औषधाच्या इवल्या पेल्यात तीस मिली पातळ पाणी, दर पंधरा मिनिटांनी, प्रत्येकाला. कधी डाळीचं, कधी भाजीचं. पेशंटने एक घोट घ्यायचा, मनात वीस आकडे मोजायचे, मग दुसरा. डॉक्टर दिवसातून एकदा व्हिडिओवर दिसायचे, तेही नेटवर्क असलं तर.

प्रत्येक खोलीत काचेचा एक वजनकाटा होता. त्यावर उभं राहिलं की टिक् असा आवाज व्हायचा, निळे आकडे उजळायचे आणि ते आपोआप हॉस्पिटलच्या परदेशी पेशंटांच्या डेस्कवर जाऊन बसायचे.

साडेआठला डेस्कवरच्या सोनलचा फोन आला.

"कांताताई, तीन नंबरचं वजन आलंय, पण लिक्विडची टिक नाही. विसरलात ना?"

"तीन नंबरमध्ये कोण नाहीये गं. कुलूप आहे."

"असं कसं? आत्ताच आलंय. एकशे एक पॉइंट दोन. नीमा."

कांताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "नीमा गेली ना तिच्या देशात? तूच सांगितलेलंस."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "हां, डिस्चार्ज दाखवतंय. पण वजन रोज येतंय की! महिनाभर एक दिवस चुकलं नाही, आणि रोज थोडं उतरतंय. सात दहा, सात दहा. इतका सिन्सिअर पेशंट मी बघितलेला नाही, ताई." आणि सोनल हसली.

२

नीमा टांझानियाची. शाळेत शिकवणारी, चाळिशीची, उंच, आवाजाने खोली भरून टाकणारी. आली तेव्हा एकशे चोवीस किलो. नवऱ्याने सोडलं म्हणून नाही की कोणी हसलं म्हणून नाही. गुडघे जिने चढू देत नव्हते आणि तिची शाळा दुसऱ्या मजल्यावर होती, एवढंच कारण. ती कांताला 'दादा' म्हणायची. तिच्या भाषेत दादा म्हणजे बहीण, हे कांताला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. नीमाने खरंच पोट धरलं होतं, टाके होते म्हणून.

तिने घरून मक्याच्या पिठाची दोन किलोची पिशवी आणली होती. बरी झाले की पहिलं जेवण याचं, असं तिने खुणांनी सांगितलेलं. मोबाइलवर फोटोही दाखवला: पांढरा घट्ट गोळा, बाजूला पालेभाजी. कांता म्हणाली, अगं, ही तर उकड! तिने ती पिशवी तशीच पत्र्याच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली.

१३ सप्टेंबर, शनिवार, ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस. सकाळी नीमाला ताप भरला. छाती धडधडत होती. डावा खांदा दुखतोय, असं ती परत परत दाखवत होती. पोट कापलेल्या बाईचा खांदा का दुखावा, हे कांताला कळेना. तिने थर्मामीटरचा फोटो काढून हॉस्पिटलच्या ग्रुपवर टाकला. नऊ बारा. खाली लिहिलं, 'नीमा ताप १०२, खांदा दुखतो, डॉक्टरना सांगा.' नऊ चौदाला उत्तर आलं. अंगठा.

फक्त अंगठा. पुढचे चार तास दुसरं काही नाही.

एक वाजता नीमा रडत होती. "दादा, हंग्री." घरात आलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, हे कांताच्या आईने तिला उपासमारीत शिकवलेलं. फ्रिजवर चिकटवलेल्या इंग्रजी तक्त्यात तिला आकडे तेवढे कळायचे. तिने नीमाच्याच पिठाची उकड केली, पातळसर, आणि दोन चमचे भरवले. दोन. नीमाने डोळे मिटले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

चारला हॉस्पिटलची व्हीलचेअर आली. नीमा गेली. संध्याकाळी मॅनेजर साईनाथ सरांचा फोन: "कांताबाई, काय खायला घातलंत तिला? हे आम्ही लेखी ठेवलंय, लक्षात ठेवा." आठवड्याने सोनल म्हणाली, पेशंट ओके आहे, एकोणीस तारखेच्या विमानाने घरी गेली.

ओके आहे, तर लेखी काय ठेवलंय? नऊ बाराचं की एक वाजताचं? मी मारलं का तिला? हा प्रश्न कांता महिनाभर पोटात घेऊन बाळकुमला येत-जात होती, आणि एवढीच एक गोष्ट तिला कोणाच्या तरी तोंडून ऐकायची होती: नीमा घरी पोचली.

३

त्या मंगळवारी दुपारी तिने खोली तीन उघडली. गादीवर चादर नव्हती. पडदा ओढलेला. खिडकीखाली काटा. त्यावर धूळ असायला हवी होती. फ्लॅटमध्ये इतरत्र होती, खालून बांधकामाची येते. काच मात्र लख्ख होती.

तिचा भाऊ प्रेम कल्याणला सीसीटीव्ही आणि वायफायची कामं करतो. त्याला तिने फोन लावला.

"ताई, बाजूच्या खोलीतल्या काट्याचं वजन त्या नावावर चढत असेल. खिचडी झालीये सिस्टीमची."

"बाजूच्या खोलीत मस्कतचे काका आहेत. ते एकशे चाळीस किलोचे आहेत."

"मग जुनं काहीतरी परत परत जात असेल."

"परत परत तेच गेलं असतं, प्रेम. हे रोज कमी होतंय."

"काटा उभा करून ठेव. उभ्या काट्यावर कोण चढणार?"

कांताने काटा भिंतीला टेकवून उभा केला, कुलूप लावलं आणि किल्ली वर्तकनगरला घरी नेली. दुसऱ्या दिवशी सातला आली. सात दहाला पेले मांडताना तिला भिंतीपलीकडून तो आवाज आला. टिक्. थोडा वेळ काहीच नाही. मग खाटेची लाकडी पट्टी करकरली, कोणी बेताने बसावं तशी. टाके असलेली माणसं बसतात तशी.

तिने जाऊन कुलूप काढलं. काटा जमिनीवर आडवा होता. खिडकीखाली, आपल्या जागी.

पडला असेल, तिने स्वतःला बजावलं. घसरला असेल. गुळगुळीत फरशी आहे. पण घसरलेला काटा आपली जागा बघून पडत नाही, आणि पडलेल्या काचेला तडा तरी जातो.

बाजूच्या खोलीतले काका दार उघडून उभे होते. ऑपरेशनने चेहरा उतरलेला, हातात पेला. "सिस्टर," ते तुटक्या हिंदीत म्हणाले, "उधर औरत को खाना दो. रात को बोलता है, हंग्री. हमको नींद नहीं."

"उधर कोई नहीं, काका."

ते तिच्याकडे बघत राहिले, आपल्याला फसवणाऱ्या माणसाकडे बघावं तसे. मग आपला पेला त्यांनी तिच्या हातात दिला. "मेरा दे दो," म्हणाले.

४

हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर साईनाथ सरांची केबिन. भिंतीवर हसणाऱ्या परदेशी बायकांचे फोटो, आधीचा, नंतरचा. सोनल बाजूला लॅपटॉप घेऊन बसली होती.

"सर, नीमाचं वजन रोज कुठून येतंय?"

"असं रोज वजन सगळ्या पेशंटांनी पाठवलं पाहिजे," सर खुशीत म्हणाले. "सोनल, दाखव यांना." स्क्रीनवर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे उतरत होती, घसरगुंडीसारखी नितळ. "आपल्याकडे इतका सुंदर आलेख दुसरा नाही. नाव झाकून माहितीपत्रकात टाकणार आहे मी."

"पण ती खोली रिकामी आहे."

"काटा बरोबर घेऊन गेली असेल. घेऊन जातात लोक. टॉवेलसुद्धा नेतात."

"काटा खोलीत आहे, सर. मी बघितलाय."

"मग सिस्टीम असेल. कांताबाई, तुम्ही तुमचं पाणी गाळा ना."

"ती घरी पोचली का, एवढं सांगा. फोन लावा एकदा माझ्यासमोर."

सर पुढे झुकले. आवाज एकदम प्रेमळ झाला. "लावू की. मग तिच्या घरच्यांनी विचारलं पाचव्या दिवशी काय खाल्लं, तर तुम्ही बोलाल? लेखी आहे आमच्याकडे. बघा बुवा."

सोनल लॅपटॉपकडे बघत होती. लिफ्टपर्यंत ती कांताबरोबर आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो अंगठा मीच टाकलेला. बाराशे मेसेज येतात ओ दिवसाला." लिफ्ट आली.

५

दिवाळीत ब्याण्णव. मग उतार वाढला. एक नोव्हेंबरला अठ्ठ्याहत्तर, पंधराला साठ. हे आता कांताला कोणी विचारत नव्हतं. सोनलच रोज नुसता आकडा पाठवायची, शब्दाशिवाय. वीस तारखेला आला त्रेचाळीस. नीमा पावणेसहा फूट उंच होती.

डेस्कवर, केबिनमध्ये, कुठेही कोणाला हे विचित्र वाटलं नाही. रेघ खाली जात होती. रेघ खाली जावी म्हणून तर सगळा धंदा होता.

एकवीस तारखेला कांताने तीस मिली डाळीचं पाणी पेल्यात ओतलं, खोली तीनमध्ये काट्याशेजारी ठेवलं आणि कुलूप लावलं. पंधरा मिनिटांनी पेला रिकामा होता. उडून गेलं असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. बंद खोलीत, नोव्हेंबरात, पंधरा मिनिटांत. तिने दुसरा पेला ठेवला.

घरी तिने हे आबांना सांगितलं. आबा म्हणजे सीताराम, तिचे वडील, नगरपालिकेतून निवृत्त, त्र्याऐंशीचे. त्यांच्या घरात अंगात येणं नाही, उतारा नाही, काळी बाहुली नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्यांनी सगळ्या मुलांकडून बावीस प्रतिज्ञा घोकून घेतलेल्या.

"पेला ठेवलास?" आबांनी पेपर खाली ठेवला. "रिकाम्या खोलीत? कोणासाठी?"

"नीमासाठी."

"म्हणजे श्राद्ध घालतेस. माझ्या घरातली पोर पान वाढते भुताला! कशाला घेतल्या गं प्रतिज्ञा?"

"श्राद्ध मेलेल्याचं घालतात, आबा," कांता म्हणाली. "ती मेली असं कोण म्हणालंय?"

आबांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "मग तसं लेखी माग त्यांच्याकडे. मेली का जिवंत आहे. पेले काय ठेवतेस."

"मागितलं. देत नाहीत. तोवर ती उपाशी आहे, आबा."

६

बावीस तारखेपासून तिने उकड सुरू केली. नीमाच्याच पिठाची, रोज एक मूठ, वाटीत, चमचा घालून. वाटी धुतल्यासारखी परत मिळायची. त्रेचाळीस, त्रेचाळीस चारशे, चव्वेचाळीस. काकांच्या जागी आता दुसरा पेशंट आला होता; तो रात्री झोपत होता.

कांताला भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या भीतीच्या खाली, लाज वाटावी असं काहीतरी होतं. आकडा वाढला की तिला बरं वाटायचं. दिवसभर.

डेस्कवर मात्र धावपळ उडाली. वजन उतरत होतं तेव्हा एकदाही न वाजलेला फोन आता रोज वाजू लागला.

"कांताबाई, तीन नंबरचा आलेख वर का चाललाय?" साईनाथ सर.

"तुम्हीच म्हणालात सर, सिस्टीम असेल."

"शहाणपणा नको. तुम्ही तिथे काय करताय ते बंद करा. तेरा डिसेंबरला, शनिवारी, परदेशातून पेशंट पाठवणारे एजंट येतायत फ्लॅट बघायला, तोच आलेख दाखवायचाय मला. खोली तीन उघडी पाहिजे, स्वच्छ पाहिजे. आणि रेघ खाली पाहिजे."

"किती खाली, सर?"

फोन बंद झाला होता.

७

शनिवारी ती साडेसहालाच आली. एजंट दहाला येणार होते. शेवटची उकड म्हणून तिने वरच्या फळीवरचा डबा काढला. पीठ तळाला गेलं होतं. मूठ घातली तर बोटांना काहीतरी कडक लागलं.

प्लास्टिकच्या पिशवीत, दोन रबरबँड लावून, पिठात खोल पुरलेलं. प्रवासात बायका मौल्यवान वस्तू जिथे कोणी हात घालणार नाही तिथे ठेवतात. कांताची आई मंगळसूत्र तांदळात ठेवायची. तिने पीठ झटकलं. निळसर पुठ्ठा, सोनेरी शिक्का. आत नीमाचा फोटो, न हसता काढलेला. पुढच्या एका पानावर मुंबईत उतरल्याचा शिक्का होता, ५ सप्टेंबरचा. त्यापुढची पानं कोरी.

तिने पासपोर्ट बाजूला ठेवला आणि उरलेलं पीठ आधणात घातलं. मग उकड ढवळली, नाहीतर गुठळ्या झाल्या असत्या.

सात वाजून आठ मिनिटांनी ती वाटी घेऊन खोली तीनमध्ये गेली आणि या वेळी बाहेर आली नाही. दार ओढून घेतलं, वाटी खाटेवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसली. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, ही सवय. त्याने काही कुठली प्रतिज्ञा मोडत नव्हती.

आधी काहीच नाही. सतराव्या मजल्याचा वारा, खाली कुठेतरी रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं पिपाणं. मग चमचा वाटीला लागला. गिळल्याचा आवाज. मग शांतता. कांता नकळत मोजू लागली. एक, दोन, तीन. बरोबर विसाव्या आकड्याला चमचा पुन्हा वाजला.

हे तिनेच शिकवलं होतं. एक घोट, वीस आकडे.

चौथ्या घासानंतर पट्टी करकरली. फरशीवर अनवाणी पावलं, जड नाहीत, ओढत टाकलेली. टिक्. भिंतीवर निळसर उजेड पडला. तेव्हा तिने मान वळवली, पुरती नाही, खांद्यापर्यंत.

तिला एक हात दिसला. काट्यावर उभं राहताना तोल जाऊ नये म्हणून खिडकीच्या चौकटीला धरलेला. त्यात हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा होता, मनगटावर नव्हे. इतका सैल की घसरून कोपराशी आलेला. हाताच्या पलीकडे तिने पाहिलं नाही.

"नीमाताई," ती भिंतीला म्हणाली, "घरी पोचलीस का गं?"

निळा उजेड विझला. "दादा," इतकंच ऐकू आलं, आणि तेही सांगितल्यासारखं नव्हे. विचारल्यासारखं.

८

दहाला एजंट आले तेव्हा कांता तिथे नव्हती. पासपोर्ट आणि नऊ बाराचा मेसेज घेऊन ती पोलीस चौकीत बसली होती. आबा काठी टेकत बरोबर आलेले. पाचव्या दिवशी एक वाजता दोन चमचे उकड दिली, हेही तिने अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. ते लपवून बाकीचं विचारता येत नाही, असं आबांचं म्हणणं पडलं. पासपोर्ट जमा झाला, अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला. नोकरी त्याच दुपारी गेली.

फ्लॅट डिसेंबर संपताना सोडून देण्यात आला. खोल्यांना रंग लागला. तिन्ही काटे खोक्यात घालून हॉस्पिटलच्या गोदामात गेले, हे सोनलने स्वतः पाहिलंय.

हॉस्पिटलचं लेखी उत्तर फेब्रुवारीत आलं. पेशंटला समाधानकारक अवस्थेत सोडण्यात आलं; १९ सप्टेंबरला ती मायदेशी रवाना झाली; ती हयात असून नियमित वजन कळवते, पुरावा सोबत जोडला आहे. पुरावा म्हणजे ती निळी रेघ. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरमधले बावीस दिवस 'तांत्रिक बिघाड' म्हणून गाळलेले आहेत. त्यानंतर रेघ पुन्हा उतरते. शेवटची नोंद ३१ जानेवारीची, सकाळी सात दहाची: अकरा किलो सहाशे ग्रॅम. शेजारी छापलंय, 'प्रगती उत्तम'. खाली साईनाथ सरांची सही आहे.

चौकीतले साहेब म्हणाले, "बाई, वजन येतंय म्हणजे माणूस आहेच ना?" कांताला त्यावर नाही म्हणता आलं नाही.

अर्जाच्या शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात एकच प्रश्न लिहिला होता: पासपोर्ट १३ डिसेंबरपर्यंत पिठाच्या डब्यात होता, तर १९ सप्टेंबरला नीमा विमानात कशी बसली? हॉस्पिटलने अर्जातल्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर दिलंय. या प्रश्नासमोरची जागा कोरी आहे.